माणसाचा चावा

गिरणेच्या काठी शेवरखेडे नावाचे लहानसे गाव होते. श्री नागोजी महाराज त्या काळी तेथील मठात राहत असत. मठ कसला, चार खांबांवरचे छप्पर, समोर ओटा आणि पाण्याची एक डोणी! आल्या-गेल्याने आधी हातपाय धुवावेत आणि मग देवाचे नाव घ्यावे, असा महाराजांचा शिरस्ता होता.

गावात भिवरा नावाची एक विधवा महाराजांची भक्त होती. तिची सासू बायजाबाई म्हातारपणी भ्रमिष्ट झाली होती. तिला माणसे ओळखू येत नसत, नेसूचे भान नसे, आणि जेवताना तर ती भरवणाऱ्याच्या अंगावर धावून जाई. भिवरा तिचे सारे करी. अंथरूण धुवायचे, अंग पुसायचे, घास मऊ कालवून भरवायचा, आणि तो अंगावर थुंकला की पुन्हा कालवायचा. तिला स्वतःला कधी धड झोप मिळत नसे. मठात येऊन बसली की खांबाला टेकल्या टेकल्या तिचे डोळे मिटत. बाया हसत. महाराज म्हणत, "निजू द्या तिला. तिचं भजन घरी चालू आहे."

बायजाबाईचा धाकटा मुलगा दौलतराव गावचा पंच होता. त्याचे घर मोठे आणि मानही मोठा; पण आईच्या उंबऱ्याला त्याचे पाय लागत नसत. वर तोच भिवरेला म्हणे, "वहिनी, एवढी भक्ती करता, मग तुमचे महाराज म्हातारीला शहाणी का करीत नाहीत?"

एके दिवशी भरवता भरवता म्हातारीने भिवरेच्या उजव्या हाताला कडकडून चावा घेतला. दात बोटाच्या सांध्यापर्यंत रुतले. भिवरेने हळद-चुना लावला, वर चिंधी बांधली आणि तशीच कामाला लागली. पण हात सुजला, ठणकू लागला. पुढे बोटे मिटेनात, जखमेला घाण येऊ लागली आणि अंगात ताप भरला. तरीही ती डाव्या हाताने म्हातारीला भरवीतच होती.

मठात नामसप्ताह नुकताच बसला होता. भिवरा दर्शनाला आली ती वाटेतल्या भिंती धरधरूनच. दौलतराव पुढेच बसला होता. तो मोठ्याने म्हणाला, "या वहिनी! सेवेचा प्रसाद मिळाला म्हणायचा! अहो, साप नाही, कुत्रं नाही, घरचं माणूस चावलं, त्याचं एवढं काय? महाराज, लावा थोडा अंगारा!" चार माणसे हसली.

महाराजांनी तिचा हात हातात घेतला. चिंधी सोडताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"अंगारा कपाळाला लावायचा असतो, दौलतराव," महाराज म्हणाले. "जखमेला साबण आणि पाणी. माणसाच्या तोंडात काय विष असतं, ते तुला ठाऊक नाही. पोरी, चावल्याबरोबर धुतला असतास तर बरं झालं असतं. आता धुऊन भागायचं नाही. गाडी जुंपायला सांगतो, आत्ताच्या आत्ता तालुक्याच्या दवाखान्यात जा. नाहीतर हात जाईल, जीवही जाईल."

भिवरा गळून खाली बसली. "जाऊ दे गेला तर, महाराज. मी थकले आता. पण मी गेले तर आत्याबाईंच्या तोंडात घास कोण घालील?"

दौलतरावाने मान दुसरीकडे फिरवली. महाराजांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग ते भिवरेला म्हणाले, "तू जा. म्हातारी उपाशी राहणार नाही. माझा शब्द आहे."

दवाखान्यातले डॉक्टर जखम पाहून रागावले. "कुत्रं चावलं असतं तर धावत आला असतात. माणूस चावला म्हणून घरी बसलात होय?" त्यांनी जखम उघडून पू काढला, स्वच्छ धुतली, टाका न घालता उघडीच ठेवली आणि इंजेक्शने सुरू केली. बोट वाचेल की नाही, हे त्यांनाही सांगता येईना. भिवरा तापात एकच बडबडत होती, "आत्याबाईंचं जेवण... आत्याबाईंचं जेवण..." हळूहळू ताप उतरला. सूज ओसरली. हात वाचला, बोटही वाचले!

परतताना तिने गाडी आधी मठापाशी थांबवायला सांगितली. घरी काय पाहावे लागेल याची तिला भीती वाटत होती. सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. इतक्यात दौलतराव धापा टाकीत आला. इतक्या दिवसांत तो आईकडे फिरकला नव्हता. लोक नावे ठेवतील म्हणून आज गेला होता.

"वहिनी, घराकडे बघायला कोणाला सांगून गेला होतात? अंगण सारवलेलं आहे. आई न्हाऊन, धुतलं लुगडं नेसून बसली आहे. कोण येतं विचारलं, तर म्हणते, माझा बाप येतो भरवायला. मी त्याला चावले, तरी रागावला नाही रे!"

"मी कोणालाच सांगितलं नव्हतं, भाऊजी," भिवरा म्हणाली.

तिची नजर महाराजांकडे गेली. विणेशेजारी ते शांत बसले होते. त्यांच्या उजव्या हातावर, बोटाच्या सांध्यापाशी, दातांचे ताजे व्रण होते.

"महाराज तर सप्ताह बसल्यापासून इथून हलले नाहीत!" विणेकरी म्हणाला. सारी सभा थक्क झाली. दौलतराव मटकन खाली बसला आणि त्याने महाराजांच्या पायांकडे हात पुढे केले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"आधी हा हात धुऊन दे बाबा. माणसाचा चावा आहे, अंगावर काढायचा नसतो."

दौलतराव उठला. आयुष्यात ज्याने आईचे तोंड पुसले नव्हते, त्याने डोणीतले पाणी आणले, साबण लावला, आणि पाणी ओतीत राहिला. धुता धुता तो हुंदके देऊ लागला. "आता कुणाच्या पाया पडू, महाराज?"

"जिच्या वाट्याचा हा चावा होता, तिच्या."

दौलतरावाने भिवरेच्या पायांवर डोके ठेवले. "वहिनी, आजपासून आईला मी भरवीन. चावली तरी भरवीन."

'उठा भाऊजी' म्हणायचे भिवरेच्या मनात होते. पण बिचारी इतकी दमली होती की खांबाला टेकताच तिचा डोळा लागला. महाराजांनी हातानेच खूण करून टाळ थांबवले. सारा मठ गप्प झाला. दौलतराव मात्र तिच्या पायांवरचे डोके न उचलता, तिची झोप मोडू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत, तसाच पडून राहिला.