कमळबोंडाचं मधलं भोक

"अण्णा, हे भोक तुम्ही बुजवलंत ना?"

केरबाअण्णा ओसरीवर माती मळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठलं भोक?"

"माझ्या बोंडाचं. कडेचं असतं तर एक वेळ चाललं असतं. बरोबर मधलं!"

बोंड म्हणजे शाल्मलीचं शिल्प. पाकळ्या गळून गेल्यावर कमळाचं जे भोकाभोकांचं बोंड उरतं, ते तिनं मातीत घडवलं होतं, कवेत मावणार नाही एवढं मोठं. भाजून झालं की भोकाभोकात तांब्याची तार आणि काथ्या बसवायचा होता. दुपारी भट्टी पेटणार होती आणि मग बोंड शहरातल्या प्रदर्शनाला जाणार होतं. तिच्या नावाची पाटी लागणारं हे पहिलंच काम.

सगळी भोकं एका मापाची, एका अंतरावर. खऱ्या कमळालाही इतकं नीट जमलेलं नाही, असं ती म्हणायची. आणि ते खरंच होतं, कमळाला तेवढं जमत नाही.

अण्णांकडे शिकण्याची एक रीत होती. शिष्याची चूक ते तोंडानं सांगत नसत. सकाळी लवकर उठून गुपचूप कामाला हात लावून ठेवत. कुठे कड दाबलेली, कुठे गळा मुरडलेला. ती दुरुस्ती शिष्यानं शोधायची आणि काय समजलं ते सांगायचं. या छळाला कंटाळून बरेच जण पळाले. शाल्मली टिकली. पोरगी मानी, पण अण्णांवर तिचा जीव होता. अण्णांचाही तिच्यावर होता, फक्त ते कबूल करत नसत.

"बोला ना, अण्णा."

"तू बोल. कसं बुजवलंय?"

ती फणकाऱ्यानं बोंडासमोर बसली. राग होता तिथेच होता, पण नजर अण्णांनीच तयार केलेली होती.

"सुकलेल्या मातीवर ओली माती लावलीय. तडा जायला हवा होता. तुम्हीच शिकवलंत."

"गेलाय?"

"... नाही."

"पुढे."

"माती आपल्या ढिगातली नाही. तळ्याकाठची दिसतेय, बारीक. गोळी गोळी करून लावलीय. बोटाचा ठसा कुठेच नाही." तिचा आवाज जरा खाली आला. "जेवढी लागते तेवढीच माती घेतलीय. जास्त कणभर नाही."

"आवडलं?"

शाल्मलीनं ओठ चावला.

"राग आलाय म्हणून खोटं नाही बोलणार. सगळ्या बोंडात एवढंच जिवंत दिसतंय."

अण्णा पोट धरून हसायला लागले.

"आणि हे माझ्या थरथरत्या हातांनी केलं म्हणतेस?"

तेवढ्यात तिच्या कानाजवळून काहीतरी गुणगुणत गेलं. बारीक कमरेची एक कुंभारीण माशी बोंडावर उतरली. तोंडात मातीची गोळी होती. बुजलेल्या भोकावर तिनं ती पसरली, नीट चेपली आणि उडून गेली. थोड्या वेळानं हिरवी अळी घेऊन परत आली आणि शेजारच्या भोकात शिरली.

शाल्मलीचे कान लाल झाले. मग तिलाच हसू आवरेना.

"आत काय आहे, अण्णा?"

"अंडं. पिल्लू बाहेर आलं की खायला अळ्या. शिदोरी ठेवून दार लावून घेतलंय तिनं."

तिचं हसू थांबलं. अंगणात भट्टीची लाकडं रचून तयार होती.

"काडीनं टोकरलं तर निघेल..."

"निघेल."

"नाहीतर तसंच भट्टीत..."

"तेही होईल."

"तुम्ही सांगा ना काय करू!"

"बोंड तुझं आहे."

तिनं काडी उचलली. भोकापाशी नेली. माशीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ती आपल्या कामात गढलेली होती.

...

शाल्मलीनं काडी अंगणात भिरकावली आणि भट्टीकडे गेली. बोंडासाठी राखलेल्या जागेत तिनं अण्णांची गाडगी आणि पणत्या रचल्या. रचताना एकदाही मागे पाहिलं नाही. परत आली तेव्हा डोळे भरलेले होते.

"पिल्लं कधी उडतील?"

"त्यांचं त्यांना ठाऊक."

"प्रदर्शन थांबायचं नाही, अण्णा. वर्षभर मी या एकाच..."

ती रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, नाक ओढत. अण्णांनी धोतराला हात पुसले आणि तिच्या डोक्यावरून फिरवले. केसांना माती लागायची ती लागलीच.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले.

"प्रदर्शनवाल्यांचं पाटीवर माझं नाव लिहून झालंय. आता त्या लोकांना कळवू तरी काय?"

अण्णांनी मातीचा गोळा पुन्हा पुढ्यात ओढला.

"घरात बाळंतपण आहे म्हणावं."