बेटावरचा काळा धूर

गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा राजे स्वतः पंगतीत बसून कोळ्यांनी आणलेले मासे चाखत, म्हणजे किती जुनी ते तुम्हीच ठरवा. उत्तरेकडे, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी एक मोठं सरोवर होतं. एका काठावर कोळ्यांचं गाव, समोरच्या काठावर राजाची नगरी आणि मधोमध एक खडकाळ बेट.

त्या बेटावर औषधालाही झाड नव्हतं. होती ती फक्त एक दगडी झोपडी. सरोवरावरचा वारा मोठा लहरी, भर उन्हातसुद्धा गारा घेऊन यायचा. वादळात सापडलेला कोळी त्या झोपडीत आसरा घ्यायचा. आत कोपऱ्यात सुकं सरपण रचलेलं असायचं. गारठलेल्यानं ते शेकण्यापुरतं जाळावं आणि वादळ निवळलं की तेवढंच सरपण होडीतून आणून ठेवावं, अशी तिथली रीत होती. पहारा नव्हता, कुलूप नव्हतं. मागून येणारा थंडीनं मरू नये, एवढीच त्यामागची काळजी.

गावात एक तरणा कोळी होता. मासेमारीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे लोकांनी सांगण्याआधी तो स्वतःच सांगून मोकळा व्हायचा.

उन्हाळा सरत आला की तिथले लठ्ठ चंदेरी मासे तळातून वर येत. त्याच सुमारास राजाची मेजवानी असे. ज्याचे धुरावर वाळवलेले मासे राजाला आवडतील, त्याला मानाचा फेटा मिळे. यंदाचा फेटा आपलाच, असं आपल्या कोळ्यानं ठरवूनच टाकलं होतं. "उद्या संध्याकाळपर्यंत येतो," असं बायकोला सांगून तो होडी घेऊन निघाला.

बेटाजवळ मासे असे काही लागले की होडी काठोकाठ भरली. घरी नेऊन धूर द्यावा, तर तोवर मासे मऊ पडणार. त्यानं झोपडीतलं सरपण पाहिलं. जरा घुटमळला. मग स्वतःशीच म्हणाला, "फेटा मिळाला की दुप्पट आणून टाकीन. तेवढ्यात कोण मरतंय?"

एक ओंडका गेला, दुसरा गेला आणि बघता बघता कोपरा रिकामा झाला. मासे मात्र सोन्यासारखे पिवळे झाले. घरी सांगितलेली वेळ कधीच टळून गेली होती. तो तसाच थेट नगरीकडे गेला.

इकडे बायकोच्या जिवाला घोर लागला. शेवटी ती शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्याकडे गेली. त्याला होडीशिवाय जगात दुसरं कुणी नव्हतं.

"बाबा, हे अजून आले नाहीत. मला बेटापर्यंत न्याल का?"

"चल पोरी," म्हातारा म्हणाला. "आभाळ भरलंय, तिथंच थांबला असंल."

त्या संध्याकाळी गारांचं मोठं वादळ झालं.

सकाळी मात्र ऊन पडलं आणि नगरीच्या काठावर मेजवानी सुरू झाली. राजानं आपल्या कोळ्याचा मासा तोंडात घातला आणि समाधानानं डोळे मिटले. वाजंत्री वाजली. फेटा बांधला गेला. कोळ्याला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "बेटावर धूर!"

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. धूर काळाकुट्ट होता. होडीला राळ फासलेली असते आणि ती जळली की असा धूर निघतो, हे कोळ्यांच्या पोरासोरांनाही ठाऊक.

"कुणीतरी होडी जाळतंय," एक वयस्कर कोळी म्हणाला.

"सरपण असताना होडी कोण जाळंल?"

"सरपण नसंल तर?"

सगळे होड्यांकडे धावले. आपला कोळीही धावला.

झोपडीत त्याची बायको म्हाताऱ्याच्या घोंगडीत गुरफटून पडली होती. ओठ निळे, पण जीव शाबूत. शेजारी म्हातारा चिंब कपड्यांनी बसून आपल्या होडीची शेवटची फळी आगीत सरकवत होता. बाकीची होडी जळून गेली होती.

म्हाताऱ्यानं मान वर केली. "आलास लेका? ये, हात शेक. गारठला असशील."

कोळ्याचा हात काही पुढे होईना. बायकोनं आधी त्याच्या फेट्याकडे पाहिलं, मग रिकाम्या कोपऱ्याकडे.

"तुम्हीच?" एवढंच तिनं विचारलं.

सारं गाव दारात उभं होतं. त्याला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण बायकोसमोर खोटं बोलायला जीभ वळली नाही.

"मीच," तो म्हणाला. त्यानं फेटा उतरवून म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवला. "बाबा, माझी होडी आता तुमची."

"होडीचं बघू मागनं," म्हातारा म्हणाला. "आधी सरपण आण. वारा अजून पडला न्हाई."

त्याच दुपारी त्यानं कोपरा छतापर्यंत भरला. हिवाळाभर राबून म्हाताऱ्याला नवी होडीही बांधून दिली. गाव त्याला कधी टोचून बोललं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. मेजवानीला तो पुन्हा गेला नाही.

पुढे एकदा वादळात तो काही परगावच्या कोळ्यांबरोबर त्या झोपडीत अडकला. शेकोटी पेटली. हात शेकता शेकता त्यांच्यातला एक म्हणाला, "कुणा भल्या माणसानं किती सुकं सरपण ठेवलंय!"

ते आपण ठेवलंय, असं त्याच्यानं म्हणवलं नाही. तो ओल्या अंगानं दाराशीच बसून राहिला. "अहो, जवळ या की," ते म्हणत राहिले.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, मागून येणाऱ्याचा वाटा कधी उचलू नये, कारण मागून कोण येतंय हे आपल्याला ठाऊक नसतं.