मूठ कुणाची लहान?

निळ्या डोंगराच्या कुशीत, जिथे रान संपतं आणि मोगऱ्याची बाग सुरू होते, तिथल्या एका झोपडीत सगुणा राहायची. तिच्या परकराला इतकी ठिगळं होती, की त्याचा मूळचा रंग कुठला ते तिलाही आठवत नव्हतं. तिची आई अंथरुणाला खिळली होती. वैद्यबुवांनी नाडी पाहून सांगितलं होतं, "हिला औषध नको. दोन वेळा पोटभर भात मिळाला, तर महिन्याभरात चालू लागेल." पण दोन वेळा पोटभर भात आणायचा कुठून? मग इवलीशी सगुणाच आईच्या जागी बागेत कळ्या खुडायला जाऊ लागली.

काय सुंदर बाग होती ती! हिरव्यागार झुडपांवर पांढऱ्याशुभ्र पिटुकल्या कळ्या, कळ्यांवर दवाचे थेंब, आणि थेंबाथेंबात गुलाबी, जांभळं, सोनेरी आभाळ लुकलुकायचं. बागेचा मालक होता गुलाबशेठ. तो कधी ओरडायचा नाही, कधी कुणावर हात उगारायचा नाही. तो फक्त गोड गोड प्रश्न विचारायचा.

रोज सकाळी चाफ्याखाली तो प्रत्येकीच्या नावाची टोपली ठेवायचा, तांदळानं शिगोशीग भरलेली. "घ्या गं बायांनो, हे सगळं तुमचंच! अजून एक कळीही खुडली नाहीत, तरी तुमचंच. पाहिलाय का असा शेठ कुठे?" बायका खूश होऊन जायच्या. मग तो हळूच म्हणायचा, "फक्त कळीला डाग पडला किंवा हात थांबला, तर एक मूठ तांदूळ परत. आता ती माझ्या मुठीनं काढू की हिशेब ठेवणाऱ्या या दिवाणजींच्या? तुम्ही म्हणाल तसं. आपल्याकडे जबरदस्ती नाही."

झालं! दिवसभर बायकांना दुसरा विषय नसायचा. "शेठची मूठ गुबगुबीत, पण ढिली," गोदाकाकू म्हणायची. "छे गं! दिवाणजींचीच बरी. हात कसा काडीसारखा आहे," तानूमावशी ठासून सांगायची. आणि आपण लहान मूठ निवडली, याचा प्रत्येकीला कोण अभिमान!

मोगऱ्याची कळी फार नाजूक. जरा नख लागलं, की तपकिरी डाग. टोपली सकाळी रिकामी असती, तर ती भरायच्या हौसेनं बायकांचे हात भराभर चालले असते. पण आपली भरलेली टोपली मुठीमुठीनं ओसरताना दिसली, तर कुणाची बोटं थरथरणार नाहीत? बोटं थरथरायची, नख लागायचं, डाग पडायचा, मूठ जायची. मग बोटं आणखीच थरथरायची. संध्याकाळी अर्धीमुर्धी टोपली डोक्यावर घेऊन बायका म्हणायच्या, "एवढी तरी वाचली बाई! उपकार शेठचे."

उपकार! मला तर हे सांगतानाच राग येतोय. "आज अर्धीच टोपली देणार" असं तो सकाळी सरळ म्हणाला असता, तर याच बायकांनी त्याला धारेवर धरलं असतं. तांदूळ तेवढाच. पण आधी दाखवून मग काढून घेतला, म्हणून हा माणूस देवमाणूस ठरला!

एका सकाळी सगुणा कळ्या खुडत होती. एवढ्यात झुडपाच्या बुंध्याशी काहीतरी चमचमलं. तिनं वाकून पाहिलं, तर अंगठ्याएवढी परी कोळ्याच्या जाळ्यात अडकली होती! मोरपंखी झगा, दुधाळ पंख, आणि डोळ्यांत मोत्यासारखे टपोरे थेंब.

"सगुणे, हात थांबले तर तेवढ्या मुठी जातील हो!" चाफ्याखालून दिवाणजी ओरडले.

सगुणाला आईचा सुकलेला चेहरा आठवला. पण परीचा पंख फाटला असता. ती खाली बसली आणि एकेक धागा अलगद सोडवू लागली. तिकडे दिवाणजी तिच्या टोपलीतून मूठ काढत होते, पुन्हा मूठ काढत होते. परी मोकळी झाली, तेव्हा टोपलीचा तळ दिसू लागला होता.

परीनं पंख फडफडवले. सोनेरी धूळ भुरभुर उडाली. "गुणाची गं माझी बाय! माग, तुला एक इच्छा देते. पण नियम आहेत हं. सूर्य चाफ्याच्या शेंड्यावर यायच्या आत मागायची. आणि मी दोन मुठी पुढे करीन, त्यातलीच एक निवडायची."

तिनं चिमुकल्या मुठी पुढे केल्या. "उजवी निवडलीस, तर शेठची मूठ चिमणीच्या पंजाएवढी होईल. डावी निवडलीस, तर दिवाणजींची. सांग, कुठली?"

सगुणाचे डोळे लकाकले. चिमणीच्या पंजाएवढी! म्हणजे टोपलीत केवढा तरी तांदूळ राहील. शेठची मूठ बरी की दिवाणजींची? ती विचार करू लागली. उजवी... नको, डावी... आणि एकदम तिचे कान तापले, गाल लालबुंद झाले.

"परीताई, तूसुद्धा?"

"मी काय केलं गं?"

"तूही तेच विचारतेस! मूठ याची की त्याची, मोठी की लहान. पण माझ्या टोपलीत मुळात कुणी हात घालायचाच का? मी राबते ना? माझी आई उपाशी झोपते ना? मग हे का नाही कुणी विचारत?"

"नियम म्हणजे नियम," परी हळूच म्हणाली. "सूर्य वर येतोय. निवड, नाहीतर इच्छा वाया जाईल."

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. लहान मूठ घेतली, तर आईला आज चार घास जास्त मिळतील. पण उद्या? उद्या आपणही त्या लहान मुठीचे उपकार मानत बसू. तिनं डोळे पुसले. "नको मला तुझी इच्छा. दोन्ही मुठी तुझ्याकडेच ठेव!"

सूर्य चाफ्याच्या शेंड्यावर टेकला. परीनं मुठी उघडल्या. दोन्ही रिकाम्या होत्या!

"यांत काहीच नसतं गं," परी खुदकन हसली. "शंभर वर्षं मी हा प्रश्न विचारतेय. सगळे एक मूठ निवडतात आणि खुशीत घरी जातात. रागावलीस ती तूच पहिली. आता खरी इच्छा माग. हिला नियम नाही."

सगुणानं क्षणभरही विचार केला नाही. "शेठच्या मनात जे आहे, तेच त्याच्या तोंडातून येऊ दे. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"आणि आईसाठी काही?"

"सगळ्यांच्या टोपल्या वाचल्या, तर माझीही वाचेलच की."

तेवढ्यात गुलाबशेठ हसत हसत आला. "बायांनो, तांदूळ सगळा तुमचाच," तो म्हणाला, आणि पुढचं आपोआप बाहेर पडलं, "असं मी म्हणतो. पण अर्धा माझ्या कोठारात परत न्यायचा, हे मी सकाळीच ठरवलेलं असतं! मूठ कुणाची, ते एवढ्यासाठी विचारतो, की तुम्ही मुठीवरून भांडत बसाल आणि मला जाब विचारणार नाही!"

त्यानं घाईघाईनं तोंडावर हात दाबला. शब्द बोटांच्या फटींतून बाहेर येतच राहिले.

मग तानूमावशी उठली. "मेल्या, जन्मभर मी तुझ्या दिवाणजीच्या मुठीची बाजू घेऊन या गोदीशी भांडले रे!" असं म्हणून तिनं कळ्यांची परडी दाणकन खाली ठेवली. मागोमाग सगळ्यांच्या परड्या खाली आल्या.

शेठला घाम फुटला. फाटकापाशी बाजाराची गाडी उभी होती, आणि कळ्या उमलल्या की कोण विचारतो त्यांना! "बरं बरं, मुठीनं नको," तो गयावया करू लागला. "चिमटीनं काढू? दोन बोटांच्या की तीन बोटांच्या?"

"आता तुम्ही विचारू नका, शेठ. आम्ही सांगतो," सगुणा पुढे आली. "टोपल्या आत्ताच रिकाम्या करा, आणि रोज सकाळी रिकाम्याच ठेवा. चांगल्या कळ्यांची परडी भरली, की मापभर तांदूळ टोपलीत घाला. आणि एकदा घातलेल्या तांदळाला कुणी हात लावायचा नाही."

गाडीवान घंटा वाजवू लागला. शेठनं मान डोलावली. दुसरं करणार काय?

बायका पुन्हा झुडपांकडे वळल्या. आता टोपलीकडे भीतीनं बघायचं कारण नव्हतं. बोटं थरथरली नाहीत, नखं लागली नाहीत. एवढ्या स्वच्छ, टपोऱ्या कळ्या त्या बागेतून कधीच गेल्या नव्हत्या. टोपल्या मापामापानं भरत गेल्या, आणि शेठ आ वासून बघत राहिला.

संध्याकाळी झोपडीत भाताचा गरम वास दरवळला. आईनं पोटभर जेवून भिंतीला पाठ टेकली. तिच्या गालांवर जरासा रंग चढला होता.

"आई, शेठ म्हणाला, उद्या नक्की ये. जाऊ का?"

आईनं तिचे केस मागे सारले. "तुला काय वाटतं, बाळ?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दाराबाहेर, बागेतल्या चाफ्याच्या शेंड्यावर एक मोरपंखी ठिपका चमकला, त्याचा सोनेरी उजेड झाला, उजेड बागभर पसरला आणि विरून गेला. सगुणा मात्र तिथेच बसून, अगदी सावकाश, आपल्याला काय वाटतं याचा विचार करत राहिली.