तांबजाईच्या घाटातली जीत

त्या दिवशी वारं दुपारीच फिरलं. फाल्गुन सरत आलेला, आभाळ धुळीनं पांढुरकं झालेलं, आणि घाटाकडनं अशा झळा येत होत्या की सावलीत टेकलेल्या माणसाचाही घसा कोरडा पडावा.

“…मग त्या जितीचं मर्म काय, वस्ताद? तेवढं सांगा, की मी उठतोच.”

विचारणारा कुबेर मगदूम. पाच दिवसांची सायकल शर्यत चाललेली, चार टप्पे उरकलेले. अशा शर्यतीत रोजचा वेळ मांडतात, आणि पाची दिवस मिळून ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागला तो राजा. कुबेर दुसरा होता. पहिला होता सिद्राम. दोघांमध्ये अंतर दोन मिनिटांचं, आणि दोघंही बाबालाल वस्तादांच्याच हाताखाली तयार झालेले.

शेवटचा टप्पा उद्या. ह्याच गावातनं सुटायचं, तांबजाईचा घाट चढायचा, माथ्यावरनं वळायचं, तोच घाट उतरून परत इथंच यायचं.

पहिला आला, तर कुबेरला रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर नोकरी होती. वयाच्या अटीत बसायचं त्याचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तो घाट उडत गेला असता तरी कुणी विचारणार नव्हतं.

वस्ताद दुकानाच्या दारात पाण्याचं घमेलं पुढं घेऊन बसले होते. एक ट्यूब कानाशी धरून ऐकत होते.

“कसल्या जितीचं मर्म?”

“तुमच्या. चाळीस वर्षं झाली, अजून चहाच्या टपरीवर तीच गोष्ट चालते. शेवटच्या दिवशी चार मिनिटं मागं होतात, आणि घाटात सगळं भरून काढलंत.”

“टपरीवरच्या चहात बी पाणीच जास्त असतंय.”

कुबेर हसला. पण हटला नाही.

“जिंकायच्या रीती तुला काय कमी ठाव हायेत व्हय?” वस्ताद म्हणाले. “तूच सांग की.”

मग कुबेरला जोर आला. त्यानं मोजायला बोट धरलं.

“घाट लागला की सगळ्यांना झटका देऊन एकट्यानं सुटायचं. मागं वळून बघायचं नाही. लोक याला वेडे होतात.”

“व्हत्यात.”

“दुसरी, दिवसभर पुढच्याच्या चाकामागं दडायचं. वारा त्यानं खायचा, आपण दम राखायचा. शेवटच्या शंभर हातांत बाजूनं निघायचं आणि फीत तोडायची.”

“लबाडाची रीत. पर चालती.”

“आणि एक म्हणजे, टप्पा एकही जिंकायचा नाही. रोज दुसरं, तिसरं यायचं. पाचव्या दिवशी लोक बघतात तर हाच राजा.”

“ही चिमणीची. दाणं टिपत बसायचं.”

“पण तुमची यातल्या कशातच बसत नाही!” कुबेर पुढं सरकला. “चढावर सगळेच दमतात. तुम्ही उतारावर काढलात वेळ. तेव्हा पहिला असलेल्या निवृत्ती सपकाळला माथ्यावरच मागं टाकलंत. तुम्हाला गाठायच्या नादात तो दरीत गेला, ते त्याचं नशीब. तो पडला नसता तरी तुम्हीच जिंकला असतात, असं सगळा गाव म्हणतो. मी तो उतार दहा वेळा उतरलोय, वस्ताद. चार मिनिटं तिथं निघतच नाहीत. कशी काढलीत?”

वस्तादांनी ट्यूब पाण्यात सोडली. बुडबुडे वर आले. त्यांनी तिथं अंगठा ठेवला.

कुबेर आठवल्यासारखं करून म्हणाला, “बरं, आणखी एक. फुगा आलेलं टायर फुटायच्या आधी घाटाच्या उतारावर किती वळणं काढतं?”

वस्तादांचा हात पाण्यातच राहिला.

“कुणाच्या टायरला फुगा आलाय?”

“कुणाच्या म्हणजे… असंच विचारलं.”

“तुझी दोन्ही टायरं तू आल्या आल्या बघितली म्या. त्यांना काय झालेलं न्हाई.”

“सिद्रामच्या,” कुबेर म्हणाला. “मागच्या चाकाला. आज सगळा दिवस त्याच्याच मागं होतो, दुसरं काय दिसणार? सुपारीएवढा आहे.”

“त्याला ठाव हाय?”

“चालवणाऱ्याला मागचं चाक कुठं दिसतं?”

“तू सांगितलंस?”

कुबेरचा चेहरा तापला. “ज्याची सायकल त्यानं बघावी, वस्ताद. मी काय ब्लेडनं कापलेलं नाही. मी काहीच केलेलं नाही.”

“न्हाई,” वस्ताद म्हणाले. “काहीच न्हाई केलंस.”

त्यांनी धोतराला हात पुसले. गुडघ्यावर भार देत सावकाश उठले. कुबेरची सायकल भिंतीला टेकून होती, तिची गादी एका हातानं उचलली. मागचं चाक अधांतरी झालं.

“मर्म पायजे न्हवं? फिरव.”

कुबेरनं पायडल मारलं. चाक असं गरगरलं की तारा दिसेनाशा झाल्या.

वस्तादांनी ब्रेक दाबला. चाक चिरकलं, मंदावलं, तारा एकेक करून दिसायला लागल्या. अगदी थांबायला आलं, तेवढ्यात त्यांनी बोटं उघडली. चाक फिरत राहिलं.

“एवढंच.”

“एवढंच?”

“सातव्या वळणावर म्या एवढंच केलं.”

कुबेर वाकून ब्रेककडं बघायला लागला. त्याचं डोकं चालायला लागलं. “म्हणजे वळणाच्या आधी दाबायचा, आणि वळणात सोडून द्यायचा. पण एवढ्यानं चार मिनिटं कशी…”

“निवृत्ती माझ्या पुढं व्हता.”

कुबेरनं ब्रेकवरनं मान वर केली.

“माथ्यावर म्या त्याला मागं टाकलंच न्हाई, कुबेर. कधीच न्हाई. वीस हातांवर त्याची पाठ दिसत व्हती मला. वळणाला खडी पडलेली. त्याचं चाक घसरलं आन् कठड्यावरनं गेला. जाताना हाक मारली त्यानं. माझ्या नावानं.”

वाऱ्यानं दारातला पाला घमेल्यात आणून टाकला.

“तवा दाबला ब्रेक.”

कुबेरनं परत ब्रेककडं बघितलं.

“आन् मग सोडला.”

वस्तादांनी सायकल खाली ठेवली. चाक जमिनीला लागून गप झालं.

“मागनं येणारी लई लांब व्हती. कुणी बघितलं न्हाई. फीत म्या एकट्यानं तोडली. हार घालाया आलेलं पुढारी म्हणालं, अशी शर्यत जन्मात बघितली न्हाई. निवृत्ती वाटंत सायकल सोडून बसला असंल, असंच समद्यांना वाटलं. म्या बी मान हलवली.”

“पण…” कुबेरचा आवाज बारीक झाला. “तो जागीच गेला ना? सगळे तसंच म्हणतात.”

“म्हणत्यात.” वस्ताद परत घमेल्याशी बसले. “दुसऱ्या दिवशी दुपारी गुराख्याला घावला. दोन्ही पाय मोडलेलं. हाताला लागंल तेवढा झुडपाचा पाला ओरबाडून चघळला व्हता. तहान लागली असंल. डाक्टर म्हणालं, पहाटेपतुर जिता व्हता.”

कुबेर भिंतीला टेकला. रस्त्यानं उद्याच्या शर्यतीचा पुकारा करत रिक्षा गेली, कर्णा वाजत गेला, लांब जाऊन विरला.

“संध्याकाळी तरी सांगायचं होतंत,” तो म्हणाला. “घरी आल्यावर. तेव्हा तर तो जिवंत होता.”

“व्हय. व्हता.”

“मग?”

वस्तादांनी शेजारच्या घराकडं बघितलं. दाराला कुलूप होतं, गंजून कडीत बसलेलं.

“ते निवृत्तीचं घर. गळ्यात हार घालून म्या गल्लीत शिरलो, तवा त्याची आई, हौसाकाकी, उंबऱ्यात उभी व्हती. अजून दिस मावळला नव्हता. मोटार घिऊन गेलं असतं तर उजेडातच घाट गाठला असता. म्हटलं, आता सांगायचं. तोंड उघडलं बी म्या.”

वस्तादांनी ट्यूब परत हातात घेतली.

“माझ्या आदी तीच बोलली. म्हणाली, ‘आलास व्हय रं बाबू? बरं झालं. तू आलास म्हंजी आमचा निवृत्ती बी मागनं येतच असंल. त्याच्या अंघुळीला पाणी ठेवते.’”