चारुलेखेचा पहिला बोल

एका राज्यात हेमांगद नावाचा राजा राज्य करीत होता. तरुणपणी त्याने काळगिरीच्या गुहेतून तीन कड्यांनी बंद केलेली रत्नांची पेटी आणली. गुहेचा धनी कुहूक नावाचा मांत्रिक होता. त्याने राजाला अडवले नाही. एवढेच म्हणाला, "ने राजा. पण ही पेटी ज्या घरात राहील, त्या घरात लेकराचा बोल फुटणार नाही."

राजा हसला. तेव्हा त्याला लेकरू नव्हते.

पुढे कन्या झाली. राणी बाळंतपणातच गेली. कन्येचे नाव चारुलेखा ठेवले. ती रांगली, चालली, चौथ्या वर्षात आली. पण तोंडून एक शब्द निघेना. राजाने पेटी गुहेत परत पाठवली, तर दुसऱ्या सकाळी ती आपल्या जागी हजर. नदीत बुडवली, तर निथळत परत आली. वैद्यांनी चाटणे दिली. पंडित म्हणाले, "राजकन्येपुढे कोणी अशुद्ध बोलू नये." मग चुकण्याच्या धास्तीने दासी तिच्यापुढे बोलेनाशाच झाल्या. सारा महाल मुका झाला.

अखेर राजाला आपली दाई आठवली. तुळकाई तिचे नाव. तिनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवले होते. आता ती म्हातारी होऊन नदीपलीकडे राहत होती. पालखी गेली, तुळकाई आली.

पंचवीस वर्षांनी ती त्या चौकात उभी राहिली. याच फरशीवर हेमांगद रांगला होता. तेव्हा चौकात केवढा कलकलाट असे! दळणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बायांनी जाता जाता त्याला हाक मारावी, त्याने काहीतरी 'गंगं' करावे, आणि साऱ्यांनी "हो का राजे? मग पुढं काय झालं?" असे विचारावे. आज तिथे नुसता पायांतल्या जोड्यांचा आवाज येत होता. तुळकाईने पदराने डोळे टिपले.

छज्ज्यावर एक साळुंकी बसली होती. ती माणसाच्या वाणीने म्हणाली, "तुळकाई, चैत्र सरेल त्या दिवशी कन्येला चार वर्षे पूर्ण होतील. तोवर बोल फुटला नाही, तर कधीच फुटणार नाही."

"उपाय सांग, बाई."

"तीन कामे. हात ज्याला लागेल, त्याचे नाव घ्यायचे. लेकराच्या प्रत्येक आवाजाला जबाब द्यायचा. आणि लेकराची पाळी आली की आपण गप्प राहायचे. पण हे तिच्या बापानेच केले पाहिजे."

तुळकाईने हे राजाला सांगितले आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दाई, मी डोंगर ओलांडले. ही कसली कामे?"

"करून तर बघा, महाराज."

राजाने बाही सारून लेकीला न्हाऊ घातले. "हे पाणी," तो अवघडून म्हणाला. तुळकाईने मान हलवली. "हे ऊन ऊन पाणी. हा पाय. हा दुसरा पाय. दुसरा पाय कुठं पळाला?" चारुलेखा खुदकन हसली. त्याच घटकेला पेटीची पहिली कडी गळून पडली.

मग तळ्याकाठी बसून ती बोट दाखवी, "ब, ब" करी. राजा म्हणे, "हो, बदक! बदक पोहतंय." दरबार भरलेला असला तरी तिच्या आवाजाला तो आधी जबाब देई. पंधरा दिवसांत दुसरी कडी गळाली.

तिसरी गळेना. भातुकलीत राजा विचारी, "भात वाढू?" आणि लगेच स्वतःच म्हणे, "वाढतो हं." आयुष्यभर त्याला कोणासाठी थांबावे लागले नव्हते. तुळकाई त्याच्या हातावर हात ठेवी. "थांबा, बाळराजे. तिची पाळी आहे."

चैत्राचा शेवटचा दिवस उजाडला. बापलेक लपाछपी खेळत होते. राजा पडद्याआडून आला, "भो!" पोरगी खिदळली. पुन्हा लपला, पुन्हा "भो!" तिसऱ्यांदा तो पडद्याआड गेला आणि तिथेच थांबला. ऊन कलले. पडदा हलला नाही. चारुलेखेचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. तुळकाईच्या जिभेवर शब्द आला होता. तिने तोंडात पदर कोंबला. पडद्याआड राजाने डोळे घट्ट मिटून घेतले.

"बाबा... अजून!"

तिसरी कडी खणकन पडली. पेटी उघडली, तर आत नदीतले गोटे. कुहूक त्यानंतर कोणाला दिसला नाही. राजाने पंडितांचा नियम मोडीत काढला, आणि चौकात पूर्वीसारखी हाकाहाक सुरू झाली. चारुलेखा दिवसभर "हे काय? ते काय?" विचारून सगळ्यांना भंडावून सोडू लागली.

काही दिवसांनी तुळकाई पालखीत बसून निघाली; निरोपाला सारा दरबार जमला. पालखीपाशी राजा म्हणाला, "दाई, माझा पहिला बोल कोणता होता?"

तुळकाई हसली. "तो आता माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. तुम्हाला तुळकाई म्हणता येईना. तुम्ही मला 'तुई' म्हणालात. वर्षभर मी तुईच होते."

राजाने पालखीचा दांडा धरला. मग साऱ्या दरबारासमोर त्याने हाक मारली, "तुई, जाऊ नकोस."

तुळकाई पालखीतून उतरली. ते राज्य बोलते झाले. तुमची आमची अंगणेही बोलती राहोत.