पाठीवरची नखं

फार मागे एका मेंढवाड्यात काजळी नावाची म्हातारी मेंढी होती. धनगरणीने तिथे मांजराचं नवं पिल्लू आणलं. ते रोज उबेसाठी काजळीच्या पाठीवर चढायचं. दिवसभर चालून थकलेली काजळी अंग झाडायची, की पिल्लू किंचाळून आणखी खोल नखं रुतवायचं.

"एवढ्याशा जिवाला राग तरी किती!" काजळी राखणदार कुत्र्याला म्हणाली. "मी दमले रे बाबा."

कुत्रा म्हणाला, "काजळे, ते रागावलेलं नाही गं. पडायला घाबरतंय."

काजळीत आता अंग झाडायचंही त्राण नव्हतं. ती सावकाश खाली बसली. किंचाळणं थांबलं. नखं आपोआप आत गेली आणि पाठीवर बारीक घुरघुर सुरू झाली.

"एवढंच सांगत होतास होय, बाळा?" काजळी पुटपुटली आणि तिने डोळे मिटले.