न वाकवलेला गुडघा

“मग? आज वाकवायचा, की परत पुढच्या सोमवारी?”

सरांचा गुडघा ताठ धरणाऱ्या ब्रेसची पट्टी आधीच घट्ट होती. केतकीनं ती उगीचच आणखी आवळली.

“अगं, रक्त तरी जाऊ दे खाली,” सर म्हणाले.

डॉक्टर हुपरीकर म्हणजे मिरजेकडचे हाडांचे जुने सर्जन. उभा जन्म लोकांचे पाय उभे करण्यात गेलेला. आणि हा माणूस पावसाळा सरता सरता आपल्याच अंगणात, पडलेल्या उंबरांवरून घसरला. मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीला ज्या जाड दोरानं धरून असतो, तो दोरच तुटला. पाय उचलेना.

सगळ्यांना वाटलं, आता मुंबईहून कुणीतरी मोठं माणूस येणार. सर स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाले, “केतकी करेल.”

केतकी गायधनी. त्यांची शेवटची विद्यार्थिनी. ट्रेमध्ये चिमटा पडला तरी दचकणारी.

तिनं केलं. जखम भरली, व्रण सुकला, सर ताठ पायानं घरभर फिरू लागले. गुडघा हळूहळू वाकवायची वेळ आली... आणि गेली. केतकी काही ब्रेसची बिजागरी उघडेना. दर सोमवारी यायची, व्रण बघायची, पट्टी आवळायची आणि चहा घेऊन जायची.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. केतकी दचकली.

“मुरंब्यासारखा मुरत घातलाय हिनं तुमचा गुडघा!” आतून हुपरीकर काकू म्हणाल्या. “आता एकदाच काय ते झाकण उघडा म्हणावं.”

सर हसले. केतकी हसली नाही.

“असाच राहिला तर त्याचं लाकूड होईल,” सर म्हणाले. “जन्मभर ताठ. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग कशाला थांबलीस?”

“तुमच्या पायाच्या बाबतीत धोका नाही पत्करायचा मला, सर.” हे बोलताना तिची मान जराशी वर झाली. “दुसऱ्या कुणाचा असता तर वाकवला असता.”

“अस्सं.” सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “दुसऱ्या कुणाचा तर उद्याच आहे. ती एस.टी.तली कंडक्टर बाई. पायरी चुकली, हाच दोर तुटला. तिचा करणार आहेस ना?”

केतकी खाली बघत म्हणाली, “तिला पुण्याला पाठवतेय.”

“का?”

“तिथे मोठी माणसं आहेत.”

“जाते म्हणाली?”

“नवरा म्हणाला, बघू.”

“बघू म्हणजे नाही. घरी बसेल. तुटलेली टोकं आत आखडत जातील, आणि मग तुझ्या मोठ्या माणसांनाही जुळवता येणार नाहीत.” सरांनी चष्मा चढवला. “माझ्यानंतर किती गुडघे शिवलेस?”

तिनं पट्टीचं टोक पुन्हा हातात घेतलं.

“एकही नाही,” सर म्हणाले.

...

“केतकी, दोर शिवून झाला, गाठी मारून झाल्या. त्यानंतर काय करायचं असतं?”

हे तर तिनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. “जखम बंद करायच्या आधी गुडघा वाकवून बघायचा. टाके धरतात की फाकतात, ते टेबलावरच कळतं.”

“माझा वाकवून बघितलास?”

केतकीच्या हातातली पट्टी सुटली.

त्या दिवशी मधे हिरवा पडदा होता. सरांना कमरेतून भूल दिली होती. पडद्यापलीकडे ते नुसते छताकडे बघत पडले होते. पाय त्यांना दिसत नव्हता, कळतही नव्हता. आणि अलीकडे तिनं शेवटची गाठ मारली, गुडघ्याखाली हात घातला... आणि तसाच काढून घेतला. तिचं धाडस झालं नव्हतं. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

“सर... तुम्हाला भूल होती.”

“कमरेखाली. कान वर असतात.”

तिनं मान वर केली.

“कात्री मागितलीस. दोरा कापल्याचा आवाज आला. आता टेबल थोडं हलेल, म्हणून मी वाट बघत होतो. हललं नाही. तू सिस्टरला म्हणालीस, बंद करू या.”

म्हणजे हे तेव्हापासून जाणून होते! न तपासलेला गुडघा घेऊन हे घरी आले, त्यावर उभे राहिले, सोमवारमागून सोमवार तिला चहा पाजला...

“तुम्ही बोलला का नाहीत? एक शब्द बोलला असता तरी मी...”

“मग ते ऑपरेशन कुणाचं झालं असतं, तुझं की माझं?”

...

सरांनी हात पुढे केला आणि ब्रेसच्या दोन्ही बिजागऱ्यांचे खटके सरकवले. खट्. खट्.

“सर, नको!”

पण ते पलंगाच्या काठावर सरकलेसुद्धा. “टाच धर,” ते म्हणाले.

तिनं दोन्ही हातांनी टाच धरली.

“एक हात वाटीच्या वर ठेव. व्रणावर. हं. आता टाच खाली जाऊ दे. सावकाश.”

टाच खाली येऊ लागली. केतकीनं डोळे मिटले. बोटांखाली काहीतरी ताणलं गेलं. आता फाटणार, आता फाटणार... ते फाटलं नाही. आणखी ताणलं गेलं, तटतटलं, आणि धरून राहिलं. तिनं स्वतःच्या हातांनी जोडलेलं ते तिथे आत होतं. गरम होतं. जिवंत होतं.

“टाचेखालचा हात काढ.”

तिला काढवेना.

“केतकी. हात काढ.”

तिनं काढला.

टाच पडली नाही. हवेत तशीच राहिली. थरथरत, घामाघूम होत सरांनी ती वीतभर वर उचलली, क्षणभर धरली आणि अलगद जमिनीवर टेकवली.

दारात काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

केतकीला कितीतरी वेळ नुसता तो वाकलेला गुडघा दिसत होता. कुठल्याही खुर्चीवर कुठल्याही माणसाचा असतो, तसा साधा, वाकलेला गुडघा.

मग तिनं पर्समधून फोन काढला.

“सिस्टर, त्या कंडक्टर बाईंना पुण्याला नका पाठवू... हो, उद्याच. इथेच... हो, मीच.”

फोन ठेवला तरी ती उठेना. तिनं पुन्हा एकदा व्रणावर बोट टेकवलं आणि हळूच विचारलं, “सर, आणि टाके आतून सुटले असते तर?”

सरांनी ट्रेमधला कप उचलला, बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

“तर पुन्हा तूच शिवला असतास.”